चार सेलवरचं वाद्य घ्यावं की थांबावं?

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. गळीत हंगाम सुरू झाला की इथलं जगणं उसाच्या मागं धावतं आणि उसाचं बिल खात्यावर आलं की घरोघरी लांबणीवर टाकलेल्या खरेद्यांचा विषय निघतो. विहिरीवरच्या मोटारीची दुरुस्ती, मुलांची फी, सोसायटीचं देणं, एखादा नवा मोबाइल. ज्या घरात कुणी गातं किंवा वाजवतं, तिथं या यादीच्या शेवटी आणखी एक वस्तू असते. भजनी मंडळातल्या काकांना इलेक्ट्रॉनिक तानपुरा हवा असतो, शाळेत जाणाऱ्या मुलीला कीबोर्ड. ऑर्केस्ट्रात वाजवणारा तरुण ऑक्टोपॅडसाठी पैसे साठवतो. मोबाइलवर बीट बनवणाऱ्या कॉलेजकुमाराने यूट्यूबवर तळहाताएवढा सिंथेसायझर पाहिलेला असतो आणि त्याची झोप उडालेली असते.

हा प्रश्न अंकुशनगरसारख्या गावात शहरापेक्षा जास्त विचाराने सोडवावा लागतो. पुण्या-मुंबईत मोठ्या दुकानात जाऊन चार तास वाजवून बघता येतं, नको वाटलं तर आठवड्यात दुसऱ्याला विकता येतं. इथं मात्र वस्तू बहुतेक वेळा फोटो पाहून मागवायची, बिघडली तर जालना, बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं. शिवाय घरचे विचारतातच, ‘मोबाइलमध्ये हे सगळं फुकट मिळतं, मग वेगळा डबा कशाला?’ हा सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र यंत्रागणिक बदलतं, म्हणून एकेक यंत्र हातात घेऊन पाहायला हवं.

सुरुवात तानपुऱ्यापासून करू, कारण छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांमध्ये आपल्या मातीत सर्वांत खोल रुजलेलं हेच. खरा तानपुरा महाराष्ट्राला परका नाही. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे घडतात. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मोठ्या भोपळ्याचा तो तानपुरा एस.टी.त घालून कीर्तनाला नेणं अवघड, दारातून आत-बाहेर करताना जपावं लागतं, हवा बदलली की तारा उतरतात आणि छेडायला एक माणूस लागतो. गावोगावच्या गायकांची ही अडचण बंगळुरूचे अभियंते जी. राज नारायण यांनी हेरली आणि १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. पुढे त्यांच्या ‘रॅडेल’ कंपनीची ‘रागिणी’ आणि ‘सारंग’ ही तानपुरायंत्रं, तसंच ‘तालमाला’ हे तबलायंत्र देशभर पोहोचलं. सुरुवातीच्या यंत्रांत आवाज विद्युत मंडलातून घडवलेला असे. नंतरच्या यंत्रांत खऱ्या तानपुऱ्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण चिपवर साठवलेलं असतं. आज दोन-चार कंपन्यांची अशी यंत्रं काही हजार रुपयांत मिळतात.

हे यंत्र कसं लावतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. समोर तीन-चार बटणं किंवा गोल खुंट्या असतात. पहिल्यानं पट्टी निवडायची. पुरुषांचा आवाज बहुधा काळी एक किंवा दोनच्या आसपास, बायकांचा काळी चार-पाचच्या. मग पहिल्या तारेचा स्वर: बहुतेक रागांना पंचम, मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागाला मध्यम, मारव्यासारख्याला निषाद. त्यानंतर छेडण्याची लय. शेवटी बारीक सुराची खुंटी, जी किंचितही चढवता-उतरवता येते. खरी परीक्षा या शेवटच्या खुंटीची. मंडळातली पेटी वर्षानुवर्षं वाजून थोडी चढलेली किंवा उतरलेली असते. यंत्राचा सूर त्या पेटीला मिळाला नाही, तर दोन्ही एकत्र वाजताना आवाजात हेलकावे येतात. ते हेलकावे हळूहळू संथ होत पूर्ण थांबले की सूर लागला. ज्या यंत्रात किंवा ॲपमध्ये ही बारीक जुळणी नाही, ते पेटीवर चालणाऱ्या मंडळाच्या कामाचं नाही. घेणाऱ्यानं दुकानात पहिल्यांदा हेच तपासावं.

यंत्राचा तानपुरा खऱ्यासारखा वाजतो का? पूर्णपणे नाही. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलाकार असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये जवारीचा दोरा असतो. त्यामुळे तार घोडीला ओझरती चाटून जाते आणि मूळ स्वराबरोबर वरच्या उपस्वरांची सगळी रांग उमटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच भारतीय तंतुवाद्यांच्या या वैशिष्ट्यावर लिहिलं होतं. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधाराला गवई स्वयंभू गांधार म्हणतात, तो या उपस्वरांतलाच. चांगल्या ध्वनिमुद्रणात हा गांधार असतोही, अडचण स्पीकरची असते. काळी एकच्या पुरुषी पट्टीत मधला षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. इतका खालचा आवाज यंत्राच्या तीन इंची स्पीकरमधून नीट निघत नाही, मोबाइलमधून तर निघतच नाही. म्हणून यंत्राला बाहेर आवाज काढण्याचं छिद्र आहे का, हे पाहायचं. एका साध्या वायरने ते मंदिरातल्या ॲम्प्लिफायरला किंवा घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमला जोडलं की त्याच डब्यातून वेगळाच तानपुरा ऐकू येतो.

आता मोबाइलचा मुद्दा. ‘आयतबला प्रो’ किंवा ‘तानपुरा ड्रॉइड’सारखी ॲप उत्तम आहेत आणि ती आधी वापरून पाहायलाच हवीत. एकट्याच्या रियाजाला मोबाइल पुरतो. इयरफोन किंवा छोटा स्पीकर लावला, इंटरनेट बंद केलं की झालं. पण भजनी मंडळाची बैठक वेगळी असते. मोबाइल कुणा एकाचा असतो, तो उशिरा आला की तानपुरा उशिरा येतो. अभंगाच्या मध्यावर फोन वाजला की सूर तुटतो. चार्जिंग संपतं. आणि सप्ताहात सात दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत फोन विण्याशेजारी ठेवून देणं कुणालाच परवडत नाही. अशा जागी मंडळाच्या मालकीचा, कुणीही चालू करू शकेल असा एक डबा हवाच. मंडळातल्या वीस जणांनी मिळून काढलेल्या वर्गणीत तो सहज येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची जुनी परंपरा आहे, समर्थ रामदासांचं जांब याच जालना जिल्ह्यात आहे. असा वारसा असलेल्या भागात गावागावातल्या मंडळानं सुरासाठी एवढा खर्च करणं योग्यच.

तबलायंत्राबाबत मात्र थोडं सावध राहावं. ‘तालमाला’सारख्या यंत्रात त्रिताल, एकताल, झपताल, रूपक, दादरा, केहरवा असे ठेके तयार मिळतात, लय एकेका अंकाने वाढवता येते. गाणं शिकणाऱ्या मुलाला मात्रा मोजायची आणि सम गाठायची सवय लावायला याच्यासारखी सोय नाही, कारण लहान गावात रोज सोबतीला तबलजी मिळत नाही. पण यंत्र गाणाऱ्याकडे पाहत नाही. गाणाऱ्यानं भाव पकडून जराशी लय ओढली तर माणूस सांभाळून घेतो, यंत्र घेत नाही. म्हणून हे यंत्र रियाजाचं. भजनात समोर पखवाजवाला बसलेला असताना ते काढण्याचं कारण नाही.

यंत्राने माणसाची जागा घेण्याची भीती आपल्याकडे नवी नाही. आज देवळातल्या भजनात सर्वांत आपली वाटणारी पेटी हीच एकेकाळी परदेशी यंत्र होती. एकोणिसाव्या शतकात ती फ्रान्सहून आली आणि कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी केली. मराठी संगीत नाटकानं तिला डोक्यावर घेतलं, गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही तिच्यावर मींड निघत नाही, तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, या कारणाने १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला आणि तो सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता. त्याच उणिवेवर उपाय म्हणून डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. पण तीन दशकांच्या बंदीतही पेटी गावातून हलली नाही, कारण ती उचलून नेता येत होती, एकट्यानं वाजवता येत होती आणि गाणाऱ्याला सूर देत होती. छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची पारख करताना याच तीन गोष्टी पाहाव्यात.

पेटीवरचा तो जुना आक्षेप कीबोर्डलाही लागू होतो. कीबोर्डचे बाराही स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. दोन लगतच्या स्वरांतलं अंतर शंभर सेंट धरलं, तर कीबोर्डचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे चौदा सेंट चढा असतो. सिनेगीत किंवा भावगीत वाजवताना हे कुणाला जाणवतही नाही. पण जिला शास्त्रीय गाणं शिकायचं आहे, तिनं कीबोर्डच्या गांधारावर गळा घोटवू नये. तिच्यासाठी आधी तानपुरायंत्र, मग दुसरं काहीही.

कीबोर्ड घ्यायचाच असेल तर पट्ट्यांच्या आकारावर सर्वांत जास्त लक्ष द्यावं. काही हजारांत मिळणारे, सेलवर चालणारे बत्तीस किंवा सदतीस छोट्या पट्ट्यांचे कीबोर्ड सहा-सात वर्षांच्या मुलाला वाद्याची ओढ लावायला चांगले. पण त्यांच्या पट्ट्या अरुंद असतात. त्यावर बसलेली बोटं पुढं पेटीवर किंवा मोठ्या कीबोर्डवर गेली की चुकतात आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून हात बसवावा लागतो. बरेच स्वस्त कीबोर्ड पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज एकाच तीव्रतेचा देतात. त्यामुळे वाजवण्यात चढ-उतार आणण्याची सवय लागत नाही. दहा वर्षांपुढच्या मुलासाठी एकसष्ट पूर्ण आकाराच्या पट्ट्या आणि दाबानुसार आवाज बदलणारी यंत्रणा ही किमान गरज मानावी. मराठी घराला सोयीची म्हणावीत अशी मॉडेलं कॅसिओ आणि यामाहा या दोन्ही कंपन्यांनी खास भारतासाठी काढली आहेत. कॅसिओच्या अशा मॉडेलांच्या नावाच्या शेवटी ‘आयएन’ ही अक्षरं असतात, यामाहाची मालिका ‘पीएसआर-आय’ या नावाची. त्यांत पेटी, सतार, सनई, तबला यांचे आवाज आणि भारतीय ठेके असतात. ती थोडी जड आणि लांब असली तरी सेलवरही चालतात. खांद्याला लावून शाळेच्या स्नेहसंमेलनात नेता येतात. एवढा मोठा कीबोर्ड तळहातात मावत नाही खरा, पण वापराच्या हिशेबाने बघितलं तर शाळकरी मुलासाठी तोच खरा ‘पोर्टेबल’.

ऑनलाइन खरेदीत एक फसगत नेहमी होते, ती इथंच सांगायला हवी. ‘मिडी कंट्रोलर’ या नावाने विकलं जाणारं सुबक, पातळ यंत्र दिसायला अगदी कीबोर्ड. मात्र त्याला स्वतःचा आवाज नसतो. १९८३ मध्ये ठरलेल्या मिडी नावाच्या भाषेत ते फक्त ‘अमुक पट्टी इतक्या जोरात दाबली’ एवढा निरोप संगणकाला किंवा फोनला पाठवतं. आवाज तिथं तयार होतो. ज्याच्याकडे संगणक आहे आणि ध्वनिमुद्रण करायचं आहे त्याच्यासाठी ही वस्तू उत्तम. पण सप्ताहात वाजवायला म्हणून ती मागवली तर खोक्यातून मुकं यंत्र निघतं. वस्तूच्या वर्णनात ‘स्पीकर’ आणि ‘टोन’ हे शब्द नसतील तर थांबावं.

ऑक्टोपॅडची गोष्ट निराळी. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये आठ रबरी चौकोनांचं हे तालवाद्य आणलं, आणि त्यांनी दिलेलं नावच आपल्याकडे अशा सगळ्या वाद्यांचं नाव होऊन बसलं. १९९८ चं एसपीडी-२० आणि २०१० चं एसपीडी-३० ही मॉडेलं लग्नाच्या वरातीपासून गणपतीपर्यंत, ऑर्केस्ट्रापासून भीमगीतांच्या कार्यक्रमापर्यंत सगळीकडे दिसली. ढोलकी, संबळ, टाळ, ड्रम, सगळे आवाज एकाच डब्यात आणि दोन काठ्यांच्या टोकावर. किंमत मात्र दहा हजारांच्या बरीच पुढं जाते.

इतके पैसे वाचवायला पोरं मोबाइलवर पॅडचं ॲप घेतात, त्याला ब्लूटूथ स्पीकर जोडतात आणि मग हात बसत नाही म्हणून स्वतःला दोष देतात. दोष त्यांचा नसतो. स्क्रीनवर बोट टेकल्यापासून आवाज बाहेर येईपर्यंत काही क्षण जातात. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे वाद्य साडेतीन मीटर दूर असण्यासारखं, तो कान खपवून घेतो. ब्लूटूथ स्पीकरमध्ये हा उशीर सहज दोनशे मिलिसेकंदांवर जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज मात्रेच्या चाळीस टक्के मागे पडतो. असं वाजवणं कोणत्याही वादकाला अशक्यच. तानपुरा ब्लूटूथवर चालतो, कारण त्याला वेळेचं बंधन नाही. ताल चालत नाही. म्हणून ज्याला हाताने ताल वाजवायचा आहे त्याला वेगळं यंत्र लागतंच. ज्याला वर्षात आठ-दहा कार्यक्रमांची सुपारी मिळते त्यानं ऑक्टोपॅड घ्यावा, त्याचे पैसे वसूल होतात. ज्याला अजून एकही कार्यक्रम मिळालेला नाही त्यानं आधी एखाद्या पथकातल्या जुन्या वादकाकडे बसून हात तयार करावा, किंवा वायरने जोडलेल्या स्पीकरवर सराव करावा.

राहिला तो कॉलेजकुमार आणि त्याचा तळहाताएवढा सिंथेसायझर. त्याच्या स्वप्नाला नाकं मुरडणाऱ्यांनी मुंबईच्या चरणजित सिंग यांची कहाणी ऐकायला हवी.

चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे वादक. शंकर-जयकिशन, बर्मन पितापुत्र, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी परदेशातून रोलँडची तीन यंत्रं आणली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ तालयंत्र आणि टीबी-३०३ नावाचा एक छोटा चंदेरी डबा. हा डबा तादाओ किकुमोतो यांनी रचला होता. एकट्या गिटारवादकाला रियाजाच्या वेळी बेसची साथ मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण त्यात स्वर भरणं किचकट होतं आणि आवाज खऱ्या बेस गिटारसारखा नव्हता. गिटारवाल्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. सुमारे दहा हजार यंत्रं बनवून १९८४ मध्ये रोलँडने उत्पादन बंद केलं.

चरणजित सिंग यांनी या डब्यातला वेगळा गुण हेरला. टीबी-३०३ एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतो. पेटीला जे जमत नव्हतं आणि ज्यावरून तिला आकाशवाणीची दारं बंद झाली होती, ते हा स्वस्तातला डबा करत होता. त्यांनी भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग या यंत्रांत बसवले, खाली डिस्कोचा ठोका ठेवला आणि १९८२ मध्ये ध्वनिमुद्रण केलं. एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने तबकडी काढली. ती चालली नाही. पुढं १९८७ मध्ये शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या गटाने जुन्या बाजारात मिळालेल्या टीबी-३०३ वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं आणि त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाची अख्खी संगीतशैली जगभर पसरली. २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले श्रोते थक्क झाले. तोच आवाज, तोच डबा, आणि शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत! उतारवयात त्यांनी परदेशात जाऊन या संगीताचे कार्यक्रम केले. २०१५ मध्ये ते गेले.

या कहाणीतून पैशाचा हिशेबही शिकता येतो. कंपनीने ज्या कामासाठी यंत्र बनवलं, त्या कामात ते पडलं. ज्याच्या बोटांत आधीपासून राग होते त्याला त्याचा उपयोग सापडला. सिंग यांनी यंत्र आणलं तेव्हा ते मुरलेले वादक होते. यंत्रात काय ओतायचं, हे त्यांच्याकडे होतं.

आजचे खिशातले डबे याच कुळातले. स्टॉकहोमच्या ‘टीनएज इंजिनिअरिंग’ने २०१५ मध्ये ‘पॉकेट ऑपरेटर’ आणला तेव्हा त्याची किंमत ५९ डॉलर होती. त्याला वरचं कवचही नव्हतं. कॅल्क्युलेटरएवढी उघडी सर्किटची पाटी, त्यावर बटणं, दोन खुंट्या आणि मागं दोन बारीक सेल. त्याच कंपनीचा ‘ओपी-१ फील्ड’ २०२२ मध्ये १,९९९ डॉलरला आला. दोन्ही खिशात किंवा पिशवीत मावतात, किमतीत मात्र तीसपटीहून अधिक अंतर. मधल्या गटात २०१३ मध्ये आलेली ‘कॉर्ग’ची ‘व्होल्का’ मालिका, सहा सेलवर चालणारी. भारतात पोहोचेपर्यंत यावर जकात, कर आणि वाहतूक चढते, म्हणून परदेशी व्हिडिओत ऐकलेली किंमत गृहीत धरू नये.

या डब्यांत बहुधा सोळा पायऱ्यांची रांग असते. प्रत्येक पायरीवर कोणता आवाज वाजवायचा ते ठरवलं की ती रांग गोल फिरत राहते. आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केहरवा या सोळा घरांत छान बसतो, त्रितालही बसतो. पण सहा मात्रांचा दादरा, सात मात्रांचा रूपक, दहा मात्रांचा झपताल बसवायचा तर पायऱ्या कमी करता यायला हव्यात. काही यंत्रांत ते जमतं, काहींत नाही. गौळणी, लावण्या, लग्नाची गाणी यांना दादरा पदोपदी लागतो, म्हणून मराठी गाण्यांवर काम करणाऱ्यानं ही चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी. परदेशी परीक्षणांत हा मुद्दा फारसा निघत नाही.

कॉलेजकुमाराला सल्ला द्यायचा तर तो असा की, मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्ये आधी दोन-तीन गाणी शेवटापर्यंत पुरी करावीत. अर्धवट सोडलेल्या चाळीस बीट्सची गणती नको, पूर्ण झालेली गाणी हवीत. ती करताना नेमकी कोणती अडचण वारंवार आली ते वहीत लिहावं. काचेवर बोट अडखळतं, खुंटी फिरवून आवाज बदलायचा आहे, फोन हातात घेतला की लक्ष दुसरीकडे जातं, अशी ठोस नोंद झाली तर डबा कामाचा. यादी कोरी राहिली तर पैसे बँकेत राहू द्यावेत.

हिशेब करायची एक साधी रीत आहे. सहा हजारांचं यंत्र रोज अर्धा तास असं दोन वर्षं वाजवलं तर ३६५ तास होतात, म्हणजे तासाला सुमारे साडेसोळा रुपये पडले. तेच यंत्र पाच वेळा अर्धा-अर्धा तास वाजवून कपाटात गेलं तर तासाला २,४०० रुपये. किंमत दोन्हीकडे तीच होती.

गावात टिकण्याचे प्रश्नही आहेत. वीज गेली तरी वाद्य चालायला हवं, म्हणून सेलवर चालणारं किंवा यूएसबीवरून पॉवर बँकेला जोडता येणारं यंत्र पसंत करावं. रोजच्या वापराला पुन्हा चार्ज होणारे सेल स्वस्त पडतात. ॲडॉप्टर हरवला म्हणून बाजारातून कोणताही आणून लावू नये. काहींच्या पिनमध्ये मध्यभागी धन असतं, काहींच्यात ऋण, आणि उलटा लावला तर यंत्र जळू शकतं. मागच्या बाजूला छापलेलं चिन्ह आणि व्होल्टेज जुळवूनच तो घ्यावा. साखर कारखान्याच्या परिसरात हंगामात चिमणीची काजळी उडते आणि उन्हाळ्यात धूळ असतेच. फिरत्या खुंट्यांत ती शिरली की वळवताना खरखर ऐकू येते. वापर झाला की सुती कापडाने झाकून ठेवण्याची सवय लावली तर ही खरखर पुष्कळ टळते.

जुनं यंत्र घ्यायलाही हरकत नाही, उलट ऑक्टोपॅड आणि मोठे कीबोर्ड जुन्या बाजारात चांगले मिळतात. फक्त सेलचा कप्पा उघडून पाहावा, सेल फुटून पत्र्यांवर हिरवी-पांढरी पूड साचली असेल तर सोडून द्यावं. सगळ्या पट्ट्या, सगळे पॅड एकेक करून वाजवावेत. इयरफोनची पिन लावून हलकीच हलवावी, आवाज तुटला तर छिद्र सैल झालं आहे. तेवढं छिद्र नीट असणं महत्त्वाचं, कारण रात्री दहानंतर स्पीकर लावायचा नाही आणि शेतातून किंवा पाळीवरून आलेल्या माणसाला रियाजाला वेळ रात्रीचाच मिळतो.

तेव्हा अंकुशनगरच्या कुणी विचारलं तर क्रम असा लावावा. भजनी मंडळानं बारीक सुराची खुंटी असलेलं तानपुरायंत्र वर्गणीतून यंदाच घ्यावं. गाणं शिकणाऱ्यानं तानपुऱ्यासोबत तबलायंत्र घ्यावं, किंवा दोन्ही एकत्र असलेलं. कीबोर्ड शिकणाऱ्या मुलाला आधी शेजारचं किंवा शाळेतलं वाद्य मागून आणून द्यावं, चार महिने तो आपणहून बसत राहिला तर एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड घ्यावा. सुपारी मिळणाऱ्यानं ऑक्टोपॅड घ्यावा. खिशातला सिंथेसायझर सर्वांत शेवटी आणि ज्याची गाणी पुरी होतात त्यानंच. दुकानात जाताना स्वतःचे वायरचे इयरफोन न्यावेत आणि आपल्या मंडळातल्या पेटीचा षड्ज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्यावा. यंत्राचा सूर त्या षड्जाला मिळाला तरच पैसे द्यावेत.